मुक्काम फोन्तेन्हास

गोव्यात घरोघरी काच पोहोचली त्याच्या कितीतरी आधी खिडक्यांना शिंपल्या होत्या. चपट्या, पातळ, आरपार दिसू न देणाऱ्या पण उजेड आत सोडणाऱ्या. त्या चौकोनी कापायच्या, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकीला एक लावून सरकवायच्या आणि असं तयार झालेलं तावदान खिडकीत बसवायचं. बाहेरचं ऊन कितीही कडक असो, खोलीत येईपर्यंत ते दुधाळ होतं. त्या उजेडात सावल्यांच्या कडा मऊ पडतात आणि माणसाचा चेहरा थकलेला दिसत नाही. पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये मी लहानपणी अशा खिडकीखाली झोपले आणि गेल्या हिवाळ्यात पुन्हा झोपले. मधल्या काळात त्या गल्लीतून काय निघून गेलं आणि काय कुणीतरी जिवापाड धरून ठेवलं, ते मला सांगायचं आहे.

आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे माडांची बाग होती. ती मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाची. लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. टेकडीतून झरे पाझरायचे, त्यांच्यावरूनच वस्तीला नाव मिळालं. तिकडे जुन्या गोव्यात रोगराईमुळे माणसं टिकेनात, तशा कचेऱ्या आणि कुटुंबं पणजीकडे सरकत गेली. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. कारकून, वकील, व्यापारी इथे आले आणि माडांच्या जागी घरं उभी राहिली. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, रस्त्यावर झुकलेले लोखंडी कठड्यांचे सज्जे. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, म्हणून घरांना पिवडी, हुरमुंज आणि नीळ, आणि तीही दरवर्षी पावसाळा सरल्यावर नव्याने. गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं कपेल. त्यातला क्रूस एकेकाळी जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. इन्क्विझिशन संपल्यावर तो पणजीत गव्हर्नरच्या वाड्यात आला आणि 1918 मध्ये या कपेलात. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. आणि वर टेकडीच्या उतारावर, सगळ्या वस्तीला दिसेल असं, मळ्याच्या मारुतीचं देऊळ. लहानपणी मला या दोन्ही जागांचा सारखाच धाक वाटायचा.

आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. म्हणून गोव्याला जाणं हे आमच्याकडे सहल नव्हतं, कर्तव्य होतं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. लोअर डेकवर जागा धरायची म्हणजे चादर पसरायची आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर घरातलं एकेक माणूस बसवायचं. वाटेत कोकणातली बंदरं. किनाऱ्यावरून पडाव येऊन बोटीला भिडायचे, माणसं, करंड्या, वळकट्या, कोंबड्या चढायच्या आणि उतरायच्या. शेजारच्या चादरीवरचं कुटुंब रत्नागिरीपर्यंत आमचं नातेवाईक होऊन जायचं आणि मग कायमचं दिसेनासं व्हायचं. पहाटे आग्वादचा दिवा दिसला की झोपलेला सगळा डेक उठून एका अंगाला गोळा व्हायचा. मांडवीत शिरताना पाण्याचा रंग बदलतो, तो मला बाबांनी दाखवला.

कवळ्याला आम्ही अग्रशाळेत उतरायचो. देवीची सेवा झाली की परतीच्या बोटीआधी पणजीत मुक्काम. बाबा सरकारी नोकरीत होते. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर मुंबईहून कित्येक जण तिथल्या कचेऱ्यांत गेले, त्यांत बाबांचे एक स्नेही होते. ते फोन्तेन्हासमध्ये एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहत. ते मुंबईला परतले, पण जाताना ती खोली जणू आम्हाला देऊन गेले. घरमालकिणीला सगळी गल्ली ‘दोना’ म्हणायची, म्हणून आम्हीही. आम्हाला पाहिलं की त्या सज्जावरूनच हाक द्यायच्या, “येयात, येयात!” आणि लाकडी जिना खाली उतरून यायच्या. इतकं वय झालेलं असूनही दाराशी यायच्या, कारण पाहुण्याने आपणहून घरात शिरायचं ही गोष्ट त्यांना पटत नसे.

घर फार मोठं नव्हतं. वर रस्त्याकडेला साला, म्हणजे बैठकीची खोली. तिच्यात लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या, दोन माणसं उलटसुलट तोंडं करून बसतील असं एक वळणदार आसन, आणि एका कोपऱ्यात ओरातोर, म्हणजे घरातलं देवघर. आमची खोली आतल्या बाजूला. पलंग इतका उंच की मला पायाशी स्टूल लागे. वर मच्छरदाणी, आणि ती लागायचीच, कारण खाडीचे डास काही विचारूच नका. ओहोटीला खाडीचा वासही यायचा. न्हाणी मागच्या अंगणात, विहिरीशेजारी. तिथे भाणात पाणी तापलेलं असे आणि लाकडाच्या धुराचा वास टॉवेलला लागून मुंबईपर्यंत यायचा. आई सुरुवातीला दोनाच्या स्वयंपाकघरात जायला बिचकत असे. नंतर दोघी मिळून बांगडे साफ करायला बसू लागल्या. आई हळद आणि मिरचीचं वाटण काढायची, दोना नारळ खवायच्या. कुणाच्या भांड्यात काय शिजलं याची चौकशी मग कुणी केली नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला चर्चची घंटा झाली की गल्लीतला खेळ थांबायचा. पोरं होती तिथून घराकडे वळायची. सालात दोना आणि त्यांची बहीण ओरातोरापुढे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायच्या, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत आई आम्हाला शुभंकरोती म्हणायला बसवायची. मधे एक लाकडी पडदी. दोन्हीकडचे सूर एकमेकांत मिसळायचे आणि कुणाचंही काही अडायचं नाही. ही आठवण मी आजवर अनेकांना सांगितली आहे आणि ती सांगताना मला दरवेळी तेवढाच अभिमान वाटतो.

पण त्या मुक्कामात सगळ्यात श्रीमंत होती ती गल्ली. पहाटे पोदेर सायकलवरून यायचा, भोंगा वाजवायचा, आणि त्याच्या टोपलीत पाव, उंडे, कोंड्याची पोयी, कांकणं. प्रत्येक घराचा पाव ठरलेला. काहीही न विचारता तो द्यायचा आणि हिशेब महिन्याला व्हायचा. दोनाच्या घराखाली एक शिंपी बसायचा. त्याचं मशीन सकाळी सुरू व्हायचं, दुपारी एक ते चार सगळ्या पणजीबरोबर गप्प पडायचं आणि पुन्हा रात्री दिवे लागेपर्यंत चालायचं. समोरच्या घरात कुणीतरी व्हायोलिनचा रियाज करायचं. पुढे एक सोनार, एक छापखाना, कचेरीत जाणारे कारकून, शिकवणी घेणारी एक बाई. कुणाकडे काय शिजतंय, कुणाचं पत्र लिस्बनहून आलंय, कुणाचा ताप उतरला नाही, हे सज्जासज्जांतून कळायचं. आम्ही परके होतो, पण त्या गल्लीत परकेपणा दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नसे. दुसऱ्या दिवशी शिंपी माझ्या फ्रॉकची उसवलेली शिवण दिसताच न सांगता घालून द्यायचा.

बाबा मला मेनेझिस ब्रागांझा संस्थेत घेऊन जायचे. तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालय त्याच इमारतीत होतं. ते वर्तमानपत्रं चाळायचे आणि मी प्रवेशाच्या दालनात भिंतभर लावलेल्या निळ्या-पांढऱ्या चित्रफरशांसमोर उभी राहायचे. 1935 मध्ये जॉर्ज कोलासु या पोर्तुगीज चित्रकाराने कामोइशच्या ‘लुझियाद’ या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर चितारले आहेत. जहाजं, समुद्र, शिडं, राजे. मला प्रसंग कळायचे नाहीत. निळ्या रंगाच्या इतक्या छटा असू शकतात हे मात्र मला तिथेच कळलं.

आता जे सांगणार आहे ते स्मरणरंजनात सहसा कुणी सांगत नाही, पण त्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. दोनाचं घर दरवर्षी थोडं थोडं रिकामं होत होतं. एका वर्षी सालातलं झुंबर नव्हतं. पुढच्या खेपेला मोठा आरसा नव्हता, भिंतीवर त्याच्या आकाराचा एक गडद चौकोन राहिला होता. मग ते उलटसुलट बसायचं आसन गेलं. मी आईला विचारलं तेव्हा तिने माझा हात दाबला. कौलं गळायची. पावसाळ्यानंतरचा रंग आधी दोन वर्षांनी, मग आणखी उशिराने लागू लागला. खालच्या शिंप्याचं भाडं नावालाच होतं. 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर जुनं भाडं वाढवणं मालकांच्या हातात फारसं राहिलं नव्हतं, आणि वाढवलं असतं तरी दोनांनी त्या शिंप्याकडून घेतलं नसतं. आमच्यासारख्यांचा मुक्काम ही त्यांची मिळकत होती. निघताना बाबा ओरातोराशेजारी पाकीट ठेवायचे. त्यात किती आहे हे दोना आमच्यासमोर कधी पाहत नसत. ज्या जुन्या वैभवाची आम्ही मुंबईत परतल्यावर तारीफ करायचो, ते वैभव म्हणजे एका बाईने विकता विकता उरवलेलं सामान होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती बोट बंद झाली. बाबाही थकले होते. दोना गेल्याचं आम्हाला पत्राने कळलं. त्यानंतर मी गोव्याला गेले ती रेल्वेने. कोकण रेल्वे 1998 मध्ये मुंबईपासून थेट सुरू झाली, आणि मग गोवा म्हणजे किनारा, हॉटेल, मुलांची सुट्टी असंच होत गेलं. पणजीत आम्ही मासळी खायला यायचो आणि परत जायचो. फोन्तेन्हासकडे पाय वळत नव्हते, ते मुद्दामच.

गेल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीने सांगितलं की तिथे एका चित्रकर्तीने जुनं घर घेऊन त्याचं छोटं अतिथिगृह केलं आहे, प्रत्येक खोली तिने स्वतःच्या हाताने घडवली आहे. मी खोली घेतली. एका रात्रीचं भाडं बाबांच्या तेव्हाच्या जवळजवळ वर्षभराच्या पगाराइतकं. वंदे भारतने थिवीला उतरून टॅक्सीने पणजीत शिरताना मांडवीवर उभी असलेली कॅसिनोची जहाजं दिसली. ज्या पाण्यावर आमची बोट हळूच वळायची तिथे आता रात्रभर दिव्यांचा लखलखाट असतो. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि पणजीतल्या पुष्कळ जुन्या माणसांनाही ते आवडत नाही.

सामान ठेवायच्या आधी मी दोनाच्या घराशी गेले. दाराला कुलूप. सज्जाचा कठडा गंजलेला, वरच्या भिंतीत पिंपळाने मूळ धरलेलं, एका खिडकीतल्या शिंपल्या निम्म्याहून जास्त गळून गेलेल्या. नंतर कळलं की घराला वारसच फार आहेत. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेला वारसा कायदा आजही चालतो. त्यात मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, आणि ही त्या कायद्याची मोठी न्यायाची बाजू आहे. पण दोन पिढ्यांनंतर एका घराचे वाटेकरी लिस्बन, टोरांटो, स्विंडन आणि मुंबई असे विखुरले की एका दाराच्या दुरुस्तीलाही सगळ्यांच्या सह्या लागतात. फोन्तेन्हासमधली कितीतरी कुलुपं भांडणांमुळे नाहीत, नुसत्या अंतरामुळे लागलेली आहेत.

चित्रकर्तीचं घर पुढच्याच वळणावर. ती आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकलेली. घर घेतलं तेव्हा छपराचा एक भाग कोसळला होता आणि भिंतींवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक पेंट दिला होता. तिने सर्वांत आधी तो सगळा खरवडून काढला. चिरा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो ओल पितो आणि नंतर ती बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग त्याला हे करू देतात. सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट ती ओल आतच कोंडतात, मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि आतून चिरा भुसभुशीत होत जातो. जुन्या लोकांनी दरवर्षी रंग काढायचा नियम पाळला त्यामागे हौस होती तसं हे शहाणपणही होतं. चुना भिजवून महिनोन्‌महिने मुरवणारा माणूस तिला आता पणजीत मिळेना, म्हणून तिने आतल्या गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं आणि त्याच्या हाताखाली आपल्याच घरात काम शिकली.

पहिल्या मजल्यावर, जिन्यापाशी, तिने भिंतीची एक वीतभर पट्टी मुद्दाम उघडी ठेवली आहे. त्या पट्टीत एकाखाली एक असे रंगाचे थर पायरीपायरीने खरवडलेले दिसतात. वर पिवडी, खाली हुरमुंज, त्याखाली पुन्हा पिवडी, मग एक फिकट हिरवा, मग नीळ. शेवटी उघडा चिरा. तिने त्यावर काच लावलेली नाही. येणारा-जाणारा हात लावतो. मी त्या पट्टीसमोर बराच वेळ उभी होते. प्रत्येक थर म्हणजे एखाद्या ऑक्टोबरात कुणीतरी पैसे बाजूला काढले होते, शिडी लावली होती, बादली कालवली होती. पट्टीत वरच्या थरांच्या मधे धुळीची एक काळपट रेघ आहे. ती म्हणजे रंग न लागलेली वर्षं. ती रेघ बघताना मला दोनांची आठवण आली, आणि ती रेघ तिने पुसून टाकली नाही याबद्दल मला त्या मुलीविषयी फार आदर वाटला. तिच्या जागी दुसऱ्या कुणी फक्त सुंदर थर दाखवले असते.

खोल्यांना नंबर नाहीत. प्रत्येक दाराशेजारी तिने स्वतः रंगवून भाजलेली एकेक चित्रफरशी आहे. कॉलेजात असताना ती वही घेऊन कोलासुच्या भिंतींसमोर बसायची. ज्या दालनात मी बाबांची वाट बघत उभी असायचे तेच दालन. हे काम तिने मला करून दाखवलं. फरशीवर पांढऱ्या झिलईचा थर वाळलेला असतो, तो ब्रशमधला रंग टेकताक्षणी शोषून घेतो. रेघ चुकली तर पुसता येत नाही. भट्टीत जाण्याआधी मळकट दिसणारा कोबाल्ट भट्टीतून निळा होऊन बाहेर येतो, आणि तो किती निळा होईल याचा अंदाज हाताला वर्षानुवर्षांनी येतो. तंत्र पोर्तुगालचं, पण तिच्या फरशांवर राजे नाहीत. पोदेर आहे, शिंपी आहे, खाजं विकणारी बाई आहे, मारुतीच्या जत्रेतला फुगेवाला आहे. माझ्या खोलीच्या दाराशी बोट होती, लोअर डेकवरच्या चादरींसकट. त्या चादरी तिने कधीच पाहिलेल्या नाहीत, तिच्या जन्माआधीच्या किंवा फार तर बाळपणीच्या त्या गोष्टी. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकून काढल्या. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार माणसं बसलेली होती.

खोलीत पलंग उंचच आहे. डास आता येत नाहीत, जाळ्या आहेत. न्हाणी आतच आहे, गरम पाणी नळाला आहे, आणि या वयात मला ते हवंच आहे. तावदानांच्या शिंपल्या तिने मोडीत निघालेल्या घरांतून गोळा केल्या. सालातल्या खुर्च्याही तशाच. मडगाव आणि मुंबईच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून तिने एकेक परत आणली आहे. गोव्यातल्या घराघरांतून जे एकदा विकलं गेलं, ते तिने दुप्पट-तिप्पट दाम देऊन पुन्हा गोव्यात आणून ठेवलं. तसं वळणदार, उलटसुलट बसायचं आसनही आहे. ते दोनांचंच असेल असं मी म्हणणार नाही, तशी आसनं शेकडो घरांत होती. पण मी त्यात बसले, आणि समोर कुणी नव्हतं.

एवढं सगळं तिने वाचवलं, पण गल्ली वाचवणं एकट्या माणसाच्या हातातलं नाही. सकाळी आठ वाजल्यापासून बाहेर फोटो सुरू होतात. लग्नाआधीचे फोटो, रील, पिवळ्या भिंतीला टेकून, निळ्या दारापुढे, कुणाच्या पायरीवर बसून, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना बाजूला सारून. काही घरांवर पाट्या आहेत, इथे लोक राहतात, फोटो काढू नका, आवाज करू नका. त्या पाट्यांचेही फोटो निघतात. मला या मुलामुलींचा राग येत नाही, सुंदर जागी उभं राहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं की त्या दारामागे एखादी म्हातारी दुपारची झोपलेली असते. जिथे सोनार होता तिथे आता कॅफे आहे. छापखान्याच्या जागी कपड्यांचं दुकान. संध्याकाळी घंटा होते, पण ती ऐकून खेळ थांबवणारी पोरं गल्लीत दिसली नाहीत. समोरच्या घरातून व्हायोलिन नाही. त्या घरातही आता खोल्या भाड्याने मिळतात, आठवड्याचा दर वेगळा.

म्हणून तिच्या घरातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट भिंतीवर नाही. तळमजल्यावरची रस्त्याकडेची खोली तिने पर्यटकांना दिलेली नाही. तिथे तिचं कामाचं टेबल आहे आणि दार दिवसभर उघडं असतं. शेजारचे एक आजोबा रोज येऊन तिथे पेपर वाचतात, मग तिच्याशी वाद घालतात. मागच्या बाजूची आणखी एक खोली कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला कमी भाड्याने दिलेली आहे. ती सत्तरी तालुक्यातून आलेली. हिशेबाने पाहिलं तर या दोन खोल्यांमुळे तिचं वर्षाचं मोठं नुकसान होतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, “मावशी, या दोन खोल्या आहेत म्हणून बाकीच्या घराला घर म्हणता येतं.” माझ्या मते तिने केलेलं खरं रेखाटन ते आहे. भिंती, फरशा, खुर्च्या कुणीही पैसे टाकून सुंदर करील. घरात कुणाला राहू द्यायचं हे ठरवायला जास्त डोळस माणूस लागतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्या टेबलाशी बसलो होतो. मी तिला दोनाच्या घराबद्दल विचारलं. म्हटलं, तू घे ना ते, तुझ्या हातात ते उभं राहील.

“नको,” ती लगेच म्हणाली. “गेस्टहाऊस करायला तर नकोच. या गल्लीत पाहुण्यांच्या खाटा आता पुष्कळ झाल्या. पोदेर इथे वळायचा बंद झाला होता, माहीत आहे? रोजचा पाव घेणारी घरंच उरली नाहीत, तो तरी कशाला येईल? मी माझ्या पाहुण्यांसाठी ठरवून घेते म्हणून तो एवढ्या एका दारासाठी येतो. त्या घरात दोन कुटुंबं राहायला हवीत. शाळेत जाणारी पोरं हवीत. खाली एखादा शिंपी मिळाला तर काय हवं!”

मग तिने एक फाईल काढली. बरीच वर्षं ती त्या वारसांना शोधते आहे. लिस्बनच्या नातीने होकार कळवला आहे. कॅनडातल्या भावंडांनी सह्या करून कागद पाठवले आहेत. मोठं काम नाही, सध्या फक्त पावसाळ्याआधी कौलं परतायची, पिंपळ मुळासकट काढायचा आणि पुढच्या बाजूला चुना लावायचा, एवढ्यापुरती संमती हवी आहे. खर्च ती आणि गल्लीतली दोन घरं मिळून करणार आहेत. घर भाड्याने द्यायचं की नाही हे नंतर वारसांनी ठरवावं. एकच शाखा राहिली आहे, मुंबईची. तिचा जुना पत्ता माहीमचा आहे, पत्रांना उत्तर येत नाही, फोन नंबर कुणाकडे नाही.

मी दादरला राहते, माहीम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पत्ता आणि संमतीच्या कागदाची एक प्रत मी बरोबर घेऊन आले आहे. येत्या रविवारी सकाळची प्रार्थना संपायच्या वेळेला जाणार आहे. त्या पत्त्यावर ते नसतील तर चर्चमध्ये विचारीन, तिथे कुणाला तरी ते कुटुंब ठाऊक असेलच.